वारा गावाचा, खंड कोणाचा?

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जाणाऱ्याला, किंवा पाटणकडून वनकुसवड्याचा घाट चढणाऱ्याला, क्षितिजावर प्रथम दिसतात त्या पवनचक्क्या. गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या प्रारंभी उभारलेली ही यंत्रे आता म्हातारी झाली आहेत. पवनचक्कीचे आयुष्य साधारणतः वीस ते पंचवीस वर्षांचे धरतात. पहिल्या खेपेतील बहुतेकांचे ते संपले तरी आहे किंवा संपत आले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जुनी यंत्रे उतरवून त्यांच्या जागी नवी, थोराड यंत्रे बसविण्याचे सुधारित धोरण जाहीर केले. देशात अशा रीतीने नवी करता येण्याजोगी क्षमता २५.४ गिगावॉट, म्हणजे पंचवीस हजार मेगावॉटहून अधिक असल्याचा सरकारी अंदाज आहे. याचा अर्थ सरळ आहे. पठारावरच्या वाऱ्याचा सौदा दुसऱ्यांदा व्हायचा आहे. यंत्र कोणते, कर्ज किती टक्क्यांनी, वीज कोणत्या दराने, याची चर्चा त्यानिमित्ताने भरपूर होते. ज्यांच्या डोक्यावर ही पाती फिरणार, ती गावे पहिल्या सौद्यात कोठे होती आणि दुसऱ्यात कोठे असणार, एवढेच तेवढे कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न नीट विचारायचा तर पवनचक्की वीज कशी करते हे आधी समजून घेतले पाहिजे. तंत्रज्ञानाचे गूढ हे दलालाचे मोठे भांडवल असते. जे समजत नाही त्याची किंमत मागता येत नाही.

मनोऱ्याच्या माथ्यावरील पाती वाऱ्याच्या धक्क्याने ढकलली जातात असा सर्वसाधारण समज आहे. आधुनिक पवनचक्कीचे पाते विमानाच्या पंखासारखे घडविलेले असते. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो, एका अंगाला हवेचा दाब घटतो, आणि पंखाला जशी वर उचलणारी ओढ लागते तशीच ओढ पात्याला फिरण्याच्या दिशेने लागते. सव्वादोनशे किलोवॉटचे, सत्तावीस मीटर व्यासाचे एक जुने डॅनिश यंत्र उदाहरणादाखल घ्यावे. त्याची पाती मिनिटाला सुमारे त्रेचाळीस फेरे घेतात. वीज करणाऱ्या जनित्राला मात्र हजाराच्या आसपास फेरे हवे असतात. म्हणून मधे दातेरी चाकांची पेटी बसवून वेग वाढवितात. जनित्रात चुंबकीय क्षेत्र तारांच्या वेटोळ्यांतून फिरते आणि तारेत प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेने १८३१ साली दाखविले ते हेच. कोयनेच्या पोटातील प्रचंड जनित्रे आणि पठारावरचे हे यंत्र यांत तत्त्वाचा काहीच भेद नाही. तेथे पाणी फिरविते, येथे वारा.

या यंत्राची पाती ५७३ चौरस मीटरचे वर्तुळ झाडून काढतात. वारा सेकंदाला दहा मीटर वेगाने वाहत असेल तर त्या वर्तुळातून दर सेकंदाला सुमारे सात टन हवा जाते, आणि तिच्यातील शक्ती भरते साडेतीनशे किलोवॉट. ती सगळी काढून घेता येत नाही, कारण सगळी काढली तर हवा पात्यामागे थबकून राहील आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९-२० च्या सुमारास सिद्ध केले की, कोणत्याही यंत्राला वाऱ्यातील शक्तीपैकी फार तर ५९.३ टक्केच घेता येते. प्रत्यक्षात हे जुने यंत्र या वेगाला तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच घेते. सेकंदाला साडेतीन मीटरच्या आत वारा असला तर यंत्र स्वस्थ बसते. पंचवीस मीटरच्या वर गेला तर पाती वाऱ्याकडे कड करून स्वतःला थांबविते.

परंतु या साऱ्या हिशेबातील कळीचा आकडा निराळाच आहे. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. एका जागी वारा सेकंदाला सहा मीटर आणि दुसऱ्या जागी साडेसात मीटर वाहत असेल, तर कानाला वा गालाला जाणवणारा फरक किरकोळ असतो. पण दुसऱ्या जागच्या वाऱ्यातील शक्ती पहिलीच्या जवळजवळ दुप्पट असते. यंत्र तेच, लोखंड तेवढेच, मजूर तेवढेच, तरी कमाई कितीतरी अधिक. ही वाढीव कमाई यंत्र बनविणाऱ्याने निर्माण केलेली नाही, गुंतवणूकदाराने तर मुळीच नाही. ती जागेने दिली आहे. अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक वाचलेला विद्यार्थीही तिला कोणते नाव द्यायचे ते सांगेल. सुपीक जमिनीवर नापीक जमिनीपेक्षा जे अधिक पिकते त्याला रिकार्डोने खंड म्हटले, आणि महाराष्ट्रातील कुळाला तो शब्द रिकार्डो न वाचताही पाठ आहे.

आणि जागेची किंमत काय ठरली? पठारावरची जमीन म्हणजे जांभ्याचा सडा. पावसाळ्यात चार महिने गुरे चरतात, कोठे नाचणी-वरी होते, एरवी खडक. महसुली दप्तरात ती पोटखराबा किंवा वरकस. सौदा झाला तो या दप्तराच्या भावाने. शेतकऱ्याने विकले ते गवत. घेणाऱ्याने घेतला तो वारा. एकाला दुसऱ्याच्या मालाची किंमत ठाऊक होती, दुसऱ्याला स्वतःच्या मालाचे नावही ठाऊक नव्हते. याला मुक्त बाजारातील स्वेच्छेचा व्यवहार म्हणण्याची पद्धत आहे.

पाटण तालुक्याला हा अनुभव नवा नव्हता. कोयनेच्या धरणासाठी येथील खोऱ्यातील गावे उठली, आज त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी पुढील पिढ्यांना आंदोलने करावी लागली. दरी पाण्यासाठी गेली. मग माथा वाऱ्यासाठी गेला.

माथा घेणारे कोण होते हेही पाहण्यासारखे आहे. १९८६ साली देशातील पहिल्या काही पवनविद्युत प्रकल्पांपैकी एक कोकणात देवगडजवळ उभा राहिला तेव्हा त्यात पंचावन्न किलोवॉटची छोटी यंत्रे होती आणि हेतू प्रयोगाचा होता. सार्वजनिक पैशाने शिकून घेण्याचा होता. नव्वदीच्या दशकात चित्र पालटले. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा धरण्याची मुभा आयकर कायद्यात होती. २००२ नंतर ती ऐंशी टक्के झाली. घसारा हा शब्द निरुपद्रवी वाटतो, म्हणून त्याची फोड केली पाहिजे. समजा, एखाद्या साबण वा सूत विकणाऱ्या कंपनीला एक कोटी रुपये नफा झाला आणि कर पस्तीस टक्के आहे. तिने एक कोटीची पवनचक्की विकत घेतली. ती पहिल्याच वर्षी कागदावर संपूर्ण झिजली असे दाखविले. नफा शून्य, कर शून्य. पस्तीस लाख रुपये हातात. यंत्र अजून फिरायचे आहे, आणि त्याच्या किमतीतील तिसरा हिस्सा सरकारी तिजोरीने उचललेला आहे. कर आज नाही तर पुढे भरावाच लागतो, ही सवलत म्हणजे नुसती मुदत आहे, असा बचाव केला जातो. तो अंशतः खरा आहे. पण वर्षानुवर्षांची बिनव्याजी मुदत ही काय चीज असते ते पीककर्जाच्या वसुलीची नोटीस आलेल्या शेतकऱ्याला विचारावे.

सवलत यंत्र उभारल्याबद्दल होती, वीज निर्माण केल्याबद्दल नव्हती. वर्षअखेरीच्या आत चक्की उभी राहिली पाहिजे, मग तिची पाती कशी फिरतात याची काळजी कोणी करावी? त्यावर कडी म्हणजे दराची हमी. राज्य वीज नियामक आयोगाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने नव्या पवनचक्क्यांच्या विजेला पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे दरसाल पंधरा पैसे वाढ, असा तेरा वर्षांचा दर बांधून मिळाला. नव्या तंत्राला आरंभी आधार द्यावा यात गैर काही नाही. समाजवाद्यांनी तरी त्याला नाव ठेवू नये. पण आधार समाजाचा आणि मालमत्ता खाजगी, जोखीम वीजग्राहकाची आणि खंड गुंतवणूकदाराचा, हा कोणता न्याय?

या साऱ्या उत्साहाचे मूळ वाऱ्यात होते की करात, याचा निर्वाळा सरकारनेच नकळत देऊन टाकला. एप्रिल २०१२ पासून वाढीव घसाऱ्याची सवलत काढून घेतली गेली, उत्पादनावर मिळणारे प्रोत्साहनही त्याच वेळी थांबले. त्याआधीच्या वर्षी देशात सुमारे ३,२०० मेगावॉटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतरच्या वर्षी उभ्या राहिल्या जेमतेम १,७००. त्या वर्षी सह्याद्रीवर वारा पडला नव्हता. सवलत पडली होती. २०१४ मध्ये ती परत आली आणि २०१७ पासून चाळीस टक्क्यांवर उतरली.

पठारावरच्या माणसांना या व्यवहाराचा वास येत नव्हता असे नाही. त्यांच्या हातात फक्त चुकीचे शब्द होते. २००३ च्या सुमारास, दुष्काळाच्या वर्षांत, पवनचक्क्या ढग पळवून लावतात म्हणून पाऊस पडत नाही, अशी हाकाटी सातारा-सांगलीकडे उठली. शास्त्राच्या कसोटीवर ती टिकणारी नव्हती. मोसमी वाऱ्यांचा प्रवाह कित्येक किलोमीटर जाडीचा असतो आणि त्या काळचे मनोरे शंभर मीटरही उंच नव्हते. शहाण्यांनी खेडुतांच्या अडाणीपणाला यथेच्छ हसून घेतले. या शहाण्यांनी एक जुनी हकीगत लक्षात ठेवावी. १८८७ साली स्कॉटलंडमधील मेरीकर्क या गावी जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकाने वाऱ्यावर वीज करून आपल्या घरात दिवे लावले आणि उरलेली वीज गावच्या रस्त्यासाठी देऊ केली, तेव्हा गावकऱ्यांनी ती सैतानाची करणी म्हणून नाकारली, असे सांगतात. जे यंत्र आपले नाही आणि ज्याच्या हिशेबात आपण नाही, त्याच्याविषयी माणसे कोठेही अशीच बोलतात.

मेरीकर्कच्याच देशात सव्वाशे वर्षांच्या आत काय घडले ते पाहावे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत, किन्टायर द्वीपकल्पाच्या कुशीत गीया नावाचे चिमुकले बेट आहे. लांबी दहा-अकरा किलोमीटर, वस्ती दोनशेच्या आत. हे सबंध बेट, घरादारांसह, पिढ्यान्‌पिढ्या एका मालकाचे असे. १९४४ साली ते घेतले सर जेम्स हॉर्लिक यांनी. भारतातल्या मध्यमवर्गाने पोरांना बळ यावे म्हणून ज्या पेयाच्या बाटल्या रित्या केल्या, त्याच घराण्याचे हे गृहस्थ. त्यांनी बेटावर सुंदर बाग केली. त्यांच्या पश्चात बेट या हातातून त्या हातात जात राहिले. १९८९ साली ते घेणाऱ्याचे दिवाळे निघाले आणि माणसांसकट बेट धनकोच्या ताब्यात गेले. लोकसंख्या शंभराच्या आत आली. घरांपैकी बहुतेक घरे राहण्यास अयोग्य ठरण्याइतकी मोडकळीस आली होती, कारण दुरुस्ती करावी मालकाने आणि मालकाला त्यात लाभ नव्हता.

मार्च २००२ मध्ये बेटवासीयांनी आपल्या ट्रस्टमार्फत गीया विकत घेतले. किंमत चाळीस लाख पौंड. बहुतेक पैसा सार्वजनिक निधीचा. पण त्यातील दहा लाख पौंड दोन वर्षांत परत करावयाचे होते, आणि मालकाचा जुना वाडा विकून व बाकीची रक्कम उभी करून त्यांनी ते मार्च २००४ मध्ये परत केले. मग घरे दुरुस्त करण्यास पैसा कोठून आणावा, हा प्रश्न आला. बेटावर दोनच गोष्टी अमाप होत्या, गवत आणि वारा. इंग्लंडमधील एका प्रकल्पातून काढून टाकलेल्या तीन पवनचक्क्या त्यांनी विकत घेतल्या. वर ज्याचा हिशेब मांडला तेच हे सव्वादोनशे किलोवॉटचे यंत्र. याच जातीची यंत्रे भारतातही बनत आणि लागत होती. तिन्हींची मिळून क्षमता ६७५ किलोवॉट. खर्च सुमारे साडेचार लाख पौंड, तोही काही अनुदान, काही कर्ज आणि काही सरकारी विकाससंस्थेचे भागभांडवल असा जुळविलेला. २००५ च्या आरंभापासून त्यांची वीज जाळ्यात जाऊ लागली. वीजजाळ्याला जोडलेला, गावाच्या मालकीचा स्कॉटलंडमधील हा पहिला पवनप्रकल्प. गेलिक भाषेत त्यांची नावे श्रद्धा, आशा आणि करुणा अशी ठेवली. लोक त्यांना नाचणाऱ्या बाया म्हणतात.

कर्जाचे हप्ते, विमा, देखभाल आणि पुढे यंत्रे बदलण्यासाठी ठेवलेला निधी वजा जाता वर्षाकाठी सुमारे ऐंशी हजार पौंड ट्रस्टच्या हाती उरू लागले, आणि ते घरांच्या दुरुस्तीकडे वळले. २०११ च्या खानेसुमारीत बेटाची वस्ती एकशे साठच्या वर गेलेली दिसते. २०१३ मध्ये चौथे यंत्र आले. घन-नियमाने जागेने दिलेला खंड येथे जागेवरच राहिला. यंत्रे तीच, भौतिकशास्त्र तेच. सातबारा तेवढा निराळ्या नावावर होता.

ह्या कथेचा शेवट गोड आहे असे भासविण्याचे कारण नाही. गीयाच्या ट्रस्टवर पुढे कर्जाचा मोठा बोजा चढला, कारभारावरून बेटावरच वाद झाले. महाराष्ट्रातही सहकाराच्या नावाने डोळे मिटून घोष करण्याचे दिवस केव्हाच गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून श्रीरामपूर-राहुरी भागात वीज वाटणारी मुळा-प्रवरा सहकारी संस्था थकबाकीच्या डोंगराखाली दबली आणि २०११ साली तिचा परवाना गेला. साखर कारखान्यांत सभासदांचे राज्य कितपत उरले आहे ते सभासदच जाणतात. या अनुभवावरून खाजगी मालकी बरी, असा निष्कर्ष काढणारे लोक मात्र विसरतात की, बुडालेल्या ट्रस्टच्या कारभाऱ्यांना गाव सभेत उभे करून जाब विचारू शकते. पठारावरील चक्कीचा मालक कोण हे पाटणच्या बाजारात कोणाला सांगता येईल काय? मुंबईतील एखाद्या कचेरीच्या ताळेबंदात त्या चक्कीची एक ओळ असते.

समाजवादी परंपरेतील आणखी एक भाबडेपणाही येथे बाजूस सारला पाहिजे. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो विकेंद्रित सत्तेसाठी. त्यावरून छोटे यंत्र म्हणजेच समाजवाद असे मानणारे काही आहेत. वाऱ्याच्या बाबतीत ते चालणार नाही. उंच मनोऱ्यावर वारा वेगवान असतो आणि पाते दुप्पट लांब केले की झाडले जाणारे वर्तुळ चौपट होते. म्हणून सव्वादोनशे किलोवॉटच्या दहा-बारा चक्क्यांच्या ऐवजी दोन-तीन मेगावॉटची एक उभी राहणे हे तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. डेन्मार्कात टविंड येथील शाळांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी व त्यांच्या साथीदारांनी १९७८ साली स्वतःच्या हातांनी उभारलेली चक्की तिच्या काळातील जगातील सर्वांत मोठ्या चक्क्यांपैकी होती. प्रश्न आकाराचा नाही.

कमी यंत्रांचा एक लाभ पठारालाही आहे. चाळकेवाडीच्या सड्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण चक्क्या नसलेल्या भागाच्या सुमारे एक-चतुर्थांश आढळले. परिणामी तेथे रंगीत गळ्याच्या सरड्यांची दाटी झाली, आणि दाटीमुळे ते सरडे कृश झालेले होते. या सरड्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी दिलेले नावही ‘सरडा’ असे अस्सल मराठी आहे. वीज स्वच्छ आहे याचा अर्थ ती निर्दोष आहे असा होत नाही. सड्याचे गवत, पक्षी, गुरांची वाट यांचा हिशेब ठेवणारे कोणी तेथे राहत असले पाहिजे, आणि त्याला त्या हिशेबात अधिकार असला पाहिजे.

डेन्मार्कने याची एक तोड काढली होती. २००९ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने नव्या पवनचक्कीच्या मालकीतील किमान वीस टक्के भाग तिच्यापासून साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना देऊ करणे मालकावर बंधनकारक केले. पुढे २०२० मध्ये हे कलम जाऊन शेजाऱ्यांना रोख मोबदला देण्याची पद्धत आली, आणि तेथील पुरोगाम्यांनी त्याबद्दल हळहळावे अशीच ती अदलाबदल आहे. पण अकरा वर्षे ते कलम चालले आणि त्यामुळे डेन्मार्कचा पवनउद्योग बुडाला नाही. डिसेंबर २०२३ च्या भारतीय धोरणात असल्या कलमाला जागा नाही.

महाराष्ट्रात तशी जागा करता येईल. विद्युत अधिनियम २००३ ने वीजनिर्मितीसाठी परवान्याची अट काढून टाकली. तिचा लाभ आजवर ज्यांच्याजवळ भांडवल होते त्यांनीच घेतला, पण कायद्याने गावांच्या संस्थेलाही तो नाकारलेला नाही. राज्यात पाच हजार मेगावॉटहून अधिक पवनक्षमता आहे. तिच्यातील जुनी यंत्रे जेथे जेथे उतरतील तेथे नव्या मनोऱ्याला परवानगी देताना ग्रामसभेची संमती आणि पंचमांश भागभांडवल गावासाठी राखून ठेवणे, या दोन अटी राज्य सरकारने घालाव्यात. गावाकडे भांडवल कोठून येणार, असा प्रश्न येईल. घसाऱ्याच्या मार्गाने कंपन्यांना जी बिनव्याजी मुदत दोन तपे मिळाली तीच गावाच्या संस्थेला कर्ज म्हणून द्यावी, जामीन म्हणून वारा आहेच. जमीन भाड्याने द्यायची असेल तर भाडे गुंठ्यावर नव्हे, युनिटवर ठरावे, म्हणजे घन-नियमाचा लाभ सातबाऱ्यावरच्या नावापर्यंत पोहोचेल. आणि पठारावर मोजलेल्या वाऱ्याच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात; आपल्या रानात किती वारा वाहतो हे गावाला विकत घ्यावे लागू नये.

पहिल्या सौद्यातील करारपत्रे मात्र आजच मागवून घेण्यास कोणत्याही सरकारी धोरणाची वाट पाहावी लागत नाही. त्यांत जमीन विकली आहे की भाडेपट्ट्याने दिली आहे, पट्टा असल्यास तो केव्हा संपतो, यंत्र उतरविल्यावर जागा कोणाकडे परत येते आणि जमिनीत गाडलेला काँक्रीटचा पाया उखडण्याचा खर्च कोणावर आहे, हे पाटण आणि सातारा तालुक्यांतील ग्रामसभांनी मराठीत लिहून घेऊन चावडीवर वाचून दाखवावे. ज्या पट्ट्यांची मुदत सरत आली आहे त्यांच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन माणसे पठारावर येण्याच्या आत हे व्हावयास हवे.